एका क्षणाचे नॅनोसेकंद

शब्दार्थविचाराचे संपर्कसत्र चालू होते. फळ्यावर कालवाचक शब्दांची यादी लिहिली होती : क्षण, निमिष, पळ, घटका, प्रहर. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. हा विद्यार्थी एका कारखान्यात रात्रपाळीला सीएनसी मशीन चालवतो आणि रविवारी सकाळी पाळी संपवून तसाच अभ्यासकेंद्रावर येतो. त्याने विचारले, "मॅडम, एक क्षण म्हणजे किती नॅनोसेकंद?" वर्गात हशा पिकला. तो मात्र हसला नाही. त्याच्या मशीनवर एक नग अठ्ठेचाळीस सेकंदांत उतरावा लागतो; पन्नास लागू लागले की पाळीच्या शेवटी सुपरवायझर जाब विचारतो. ज्या माणसाचा दिवस अशा मापाने चालतो, त्याने वेळेच्या शब्दाला माप मागावे यात हसण्यासारखे काही नव्हते.

अशा प्रश्नाला आपल्या विषयात एक तयार उत्तर असते : क्षण हा अनुभवाचा शब्द आहे, त्याला आकड्यांत बसवू नये. हे उत्तर मला आवडत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने गणितापासून चार हात दूर राहावे, ही आपल्याकडची समजूत ज्यांनी रुजवली त्यांनी मराठीचे फारसे भले केलेले नाही. शब्दाला मापात बसवून तर पाहावे. बसला नाही, तर कोठे अडला ते तरी कळेल. म्हणून त्या दिवशी यादी बाजूला ठेवून आम्ही गणित मांडले.

पहिला आधार अमरकोशाचा घेतला. त्यातील कालवर्गात अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक क्षण, बारा क्षणांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचे एक अहोरात्र असे कोष्टक आहे. दिवस चोवीस तासांचा धरला तर मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो आणि क्षण चक्क चार मिनिटांचा! चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद, आणि एका सेकंदात एक अब्ज नॅनोसेकंद असल्यामुळे २४० अब्ज नॅनोसेकंद. एवढ्या वेळात आमच्या विद्यार्थ्याच्या मशीनवर पाच नग तयार झाले असते. 'क्षणभर थांबा' असे म्हणणाऱ्याला अमरसिंहाचा क्षण अभिप्रेत नसतो, हे उघड आहे.

दुसरा आधार वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचा. तेथे एकशेवीस क्षणांचा एक तत्क्षण, साठ तत्क्षणांचा एक लव, तीस लवांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचे अहोरात्र असे मोजमाप आहे. भागाकार केला की क्षण येतो सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे सुमारे एक कोटी तेहतीस लाख नॅनोसेकंद. बौद्ध तत्त्वचिंतनात वस्तू दर क्षणी उपजते आणि नष्ट होते. तेथे चार मिनिटांचा क्षण उपयोगाचा नव्हता. शब्द एकच, पण एका ग्रंथातील क्षणात दुसऱ्या ग्रंथातील अठरा हजार क्षण मावतात. विद्यार्थ्याने वहीत दोन्ही आकडे टिपून घेतले आणि शांतपणे विचारले, "मग यातला खरा कोणता?"

'त्रुटी' या शब्दाची कथा याहूनही चमत्कारिक आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील कोष्टक सोडवले तर एक त्रुटी साठ मिलिसेकंदांची भरते. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत मात्र निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. त्या हिशेबाने एका सेकंदात ३३,७५० त्रुटी होतात. म्हणजे एक त्रुटी सुमारे तीस मायक्रोसेकंदांची, अर्थशास्त्रातील त्रुटीच्या दोन हजारांश. आज आपण 'अहवालात त्रुटी राहिल्या' असे लिहितो तेव्हा यातील काहीच आपल्या मनात नसते. 'त्रुट्' म्हणजे तुटणे. तुटलेला कण हा कालाचा अंश झाला, आणि त्याच तुटण्यातून उणिवेचा अर्थही निघाला. मराठीने दुसरा अर्थ ठेवला, पहिला सोडून दिला.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जाते. 'आपल्या पूर्वजांना मायक्रोसेकंद मोजता येत होता' अशा मजकुराचे संदेश अधूनमधून सर्वांकडे फिरत येतात. बाराव्या शतकात तीस मायक्रोसेकंद मोजणारे कोणतेही साधन नव्हते. त्रुटी भागाकाराने मिळालेली आहे, घड्याळाने नव्हे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जे डोळ्याला दिसणार नाही आणि कानाला जाणवणार नाही, त्यालाही नाव देऊन ठेवण्याची ती बुद्धी होती. मोजता येणे ही वेगळी गोष्ट आणि कल्पिता येणे ही वेगळी. दोन्हींची गल्लत केली की दोन्हींचा अपमान होतो.

क्षण आणि त्रुटी अशा अस्थिर असताना घटका आणि पळ मात्र ठाम उभे राहतात. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे, विपळ सेकंदाच्या चार दशांशाचे. पंचांगात घटी-पळांचे रकाने असतात, त्यामुळे हे माप व्यवहारातून पूर्णपणे पुसले गेलेले नाही. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार त्या वाटीतून आला आहे. आमच्या विद्यार्थ्याचा अठ्ठेचाळीस सेकंदांचा नग म्हणजे नेमकी दोन पळे. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "हे सुपरवायझरला सांगायला पाहिजे."

विपळ हे माप मला विशेष जवळचे आहे, कारण ते भाषेतून आलेले आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत त्यालाच गुर्वक्षर म्हटले आहे : एक दीर्घ अक्षर उच्चारायला जितका वेळ लागतो तितका वेळ. दहा गुर्वक्षरांचा एक प्राण, म्हणजे स्वस्थ माणसाचा एक श्वास. सहा प्राणांचे एक पळ. दिवसाचे २१,६०० प्राण होतात आणि वर्तुळाच्या कलाही २१,६०० असतात. म्हणून आर्यभट म्हणू शकला की एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. पृथ्वीचे फिरणे, माणसाचा श्वास आणि तोंडातले दीर्घ अक्षर अशी ही साखळी आहे. भाषाविज्ञानात आयुष्य घालवलेल्या माणसाला या साखळीचा मोह पडला तर नवल नाही.

आमच्या घरीही असे एक घड्याळ होते. भात उतरवल्यावर तो वाफेवर किती वेळ ठेवायचा, याचे आईचे माप 'हरिपाठाचे तीन अभंग' असे होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर घड्याळ होते, पण तिचा हात कामात आणि डोळे चुलीवर असत. मोकळे असायचे ते तोंडच. गुर्वक्षराची कल्पना ग्रंथात वाचली तेव्हा ती मला नवी वाटली नाही.

आता सेकंदाकडे येऊ. 'मिनिट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'बारीक केलेला' असा आहे, आणि 'सेकंद' म्हणजे 'दुसऱ्यांदा बारीक केलेला'. पळाचे विपळ झाले तसेच हे. पूर्वी सेकंद हा दिवसाचा ८६,४०० वा भाग होता. पण पृथ्वीचे फिरणे पुरेसे एकसारखे नाही, हे ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांनी वेगळा आधार शोधला. १९६७ मध्ये सेकंदाची नवी व्याख्या झाली. सीझियम-१३३ या मूलद्रव्याच्या अणूतून निघणाऱ्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने पूर्ण व्हायला लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. या संख्येला चार दशांशाने गुणले की विपळाचा आकडा येतो : ३,६७,७०,५२,७०८. काही उरत नाही, दशांशचिन्हाची गरजही पडत नाही. आपले गुर्वक्षर सीझियमच्या आंदोलनांत असे पूर्णांकात बसते याचा मला अकारण आनंद झाला. अकारण अशासाठी, की कोणाही माणसाचे दीर्घ अक्षर इतके नेमके नसते. घाईत ते आखडते, झोपेत लांबते, हाक मारताना तर त्याला सीमाच राहत नाही. रूपांतर अचूक झाले तरी मुळातली वस्तू अचूक होत नाही.

सेकंदाच्या खाली उतरणारी शिडी मिलि, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, ॲटो अशी आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा हजारावा भाग. नॅनोसेकंदाची कल्पना यावी म्हणून संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या श्रोत्यांना फूटभराच्या आतबाहेर लांबीचा तारेचा तुकडा देत असत. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण तेवढेच अंतर कापतो. आपली शाळेतली फूटपट्टी त्यासाठी पुरेल. याउलट एका विपळात प्रकाश पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालण्याइतके अंतर जातो. ॲटोसेकंद तर असा, की एका सेकंदात एकावर अठरा शून्ये इतके ॲटोसेकंद असतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील संख्यास्थाने परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी थांबतात. तेव्हा एक सेकंद बरोबर दहा परार्ध ॲटोसेकंदांचा झाला. अणूतील इलेक्ट्रॉनांची हालचाल पाहण्यासाठी प्रकाशाचे असे ॲटोसेकंदी स्पंद निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउस आणि ॲन लुइलिए यांना मिळाले.

फेम्टो आणि ॲटो हे शब्द १९६४ मध्ये स्वीकारले गेले. ते डॅनिश भाषेतील पंधरा आणि अठरा या अंकवाचक शब्दांवरून घडवले आहेत. प्रतिष्ठेच्या ग्रीक-लॅटिनच्या पंगतीत त्या मानाने छोट्या भाषेचे घरगुती अंक जाऊन बसले, याकडे मराठीच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. भाषा लहान आहे म्हणून तिचा शब्द शास्त्रात चालत नाही, असे नसते. शब्द पुढे करणारे कोणी तरी त्या जागी असावे लागते. इंग्रजीने तर बोलीतले शब्दही पुढे केले. कोकराने शेपटी हलवण्याच्या वाक्प्रचारावरून अमेरिकेतील अणुबाँबवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दहा नॅनोसेकंदांना 'शेक' म्हटले, आणि गिल्बर्ट लुइस या रसायनशास्त्रज्ञाने प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणाऱ्या वेळाला 'जिफी' हे नाव सुचवले. आपल्या 'लगेच'ला जो सैलपणा आहे तोच या शब्दाला होता. त्याला तेहतीस पिकोसेकंदांत बांधून टाकले.

मराठीत असे कोणी केले असते तर? चुटकी हा शब्द तयारच होता. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये चुटकी वाजवण्याच्या क्रियेचे मापन प्रसिद्ध केले. बोट निसटून तळव्यावर आदळायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. पापणीची उघडझाप याच्या वीसपटीहून अधिक वेळ घेते. तेव्हा 'चुटकीसरशी' झालेले काम 'डोळ्याचे पाते लवते न लवते तोच' झालेल्या कामापेक्षा बरेच आधी झालेले असते. दोन्ही वाक्प्रचार आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो आणि कोणाचेही काही बिघडत नाही, कारण तेथे वेळ मोजायचा नसतोच. 'वाट पाहावी लागली नाही' एवढेच सांगायचे असते.

यावरून कोणी म्हणेल की, मग सूक्ष्म काल हा प्रयोगशाळेचाच विषय आहे, बोलणाऱ्या माणसाला त्याचे काय? याचे उत्तर आपल्याच तोंडात आहे. 'काल', 'खाल', 'गाल' आणि 'घाल' हे चार शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. 'काल' म्हणताना जिभेने अडवलेली हवा सुटली की लगोलग स्वरतंतू कंप पावू लागतात. 'खाल' म्हणताना मध्ये हवेचा झोत जातो आणि कंपनाला उशीर होतो. 'गाल' म्हणताना हवा सुटण्यापूर्वीच कंपन सुरू झालेले असते. हे सारे अंतर मिलिसेकंदांचे आहे. फेम्टो-ॲटोचा स्वीकार झाला त्याच १९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या ध्वनिवैज्ञानिकांनी अकरा भाषांतील व्यंजनांचा या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अकरांत मराठी होती. त्यांना असे आढळले की, हे एक माप क, ख आणि ग यांना वेगळे करते, पण ग आणि घ यांच्यापुढे थिटे पडते. मराठी आणि हिंदी यांच्या 'घ'ने त्या मापाची मर्यादा दाखवून दिली. शेतात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर मराठी माणूस दिवसभर हे मिलिसेकंद बिनचूक मोजत असतो. त्याला कोणी ते शिकवलेले नसते.

माझे पीएचडीचे काम मराठी स्वरांच्या कालमानावर होते. आपण शुद्धलेखनात ह्रस्व-दीर्घाचे नियम पाठ करतो, पण बोलताना इकार-उकार प्रत्यक्ष किती लांब असतात, शब्दातील जागेनुसार ते कसे बदलतात, हे मोजायचे होते. त्यासाठी अनेकांचे आवाज कॅसेटवर घेतले. त्यांत आई होती. हाताशी होती म्हणून, आणि तिचे उच्चार स्वच्छ होते म्हणूनही. ती टेपरेकॉर्डरला 'तुझा तो डबा' म्हणायची. एका दुपारी ती शब्दांची यादी वाचत असताना मध्येच थांबली. "आलेच, दूध बघून," असे म्हणून उठून गेली. टेप चालूच राहिली. ती परत येऊन "हं, कुठे होतो आपण?" म्हणेपर्यंत साडेसहा मिनिटे रिकामी गेली आहेत.

'आलेच' या रूपाकडे व्याकरणाच्या अंगाने पाहिले पाहिजे. ती जायला निघाली होती, यायची होती पुढे. आणि क्रियापद मात्र भूतकाळाचे. 'निघालोच', 'हा पोचलो', 'झालेच बघ' ही सारी रूपे अशीच आहेत. अजून न घडलेली गोष्ट घडून गेल्याच्या रूपात सांगायची आणि वर 'च' लावून ती पक्की करायची. येथे मराठीने मधला काळ कमीही केला नाही, तो शून्यच केला आहे. नॅनोसेकंद असो वा ॲटोसेकंद, त्यांत काही तरी शिल्लक राहते. 'आलेच' म्हणणाऱ्याने ते शिल्लकही ठेवलेले नसते. हे विधान खोटे आहे असे ऐकणाऱ्याला वाटत नाही, कारण बोलणाऱ्याने वेळेची माहिती दिलेलीच नसते, वचन दिलेले असते.

कॅसेटचा तो तुकडा संशोधनाच्या कामाचा नव्हता, तरी मी तो पुसला नाही. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. मागच्या वर्षी फिती खराब होऊ लागल्या म्हणून सगळे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घेतले. संगणक आवाज सलग साठवत नाही. एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याची नोंद घेतो. दोन नोंदींमधले अंतर सुमारे तेवीस मायक्रोसेकंद, म्हणजे भास्कराचार्यांच्या त्रुटीपेक्षा थोडेसे कमी. जे माप केवळ भागाकारातून निघाले होते, साधारण त्याच मापाचे तुकडे आता घरोघरी प्रत्येक गाण्याचे आणि प्रत्येक हाकेचे होतात.

आईचा 'आलेच' अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी आहे. 'आ' लांब आहे, 'ले' त्याच्या निम्मा, 'च' तर दाराकडे वळताना तोंडातल्या तोंडात राहिला आहे. मोजले तर वीस हजारांच्या आसपास नोंदी भरतात, भास्कराचार्यांच्या हिशेबाने पंधरा हजार त्रुटी. पडद्यावर मोठे करत गेले की ती एकेक नोंद ठिपक्यासारखी दिसते आणि तेथे ना आवाज असतो ना अर्थ. ऐकायचे असेल तर पुन्हा लहान करून पहिल्यापासून लावावे लागते. मग यादीतला अर्धवट राहिलेला शब्द येतो, 'आलेच, दूध बघून' येते, आतून भांडे उतरवल्याचा आवाज येतो, आणि त्यापुढे साडेसहा मिनिटे टेपची खरखर.